घरच्या फियाटचं काम शिकायला येणाऱ्यांसाठी

जुन्या गाड्यांचं काम शिकायचंय म्हणून वर्कशॉपच्या दारात येणाऱ्या पोरांच्या डोक्यात बहुतेक वेळा व्हिंटेज गाड्यांच्या परेडमधली गाडी असते. क्रोम चमकतंय, शेजारी फेटा बांधलेला मालक उभा. पुण्यात हे काम करताना मला बरीच वर्षं झाली, पण आमचं पोट तसल्या गाड्यांवर कधी चाललं नाही. आमच्याकडे येते ती प्रीमियर पद्मिनी, तिच्या आधीची फियाट डिलाइट, अधूनमधून अँबेसेडर आणि हल्ली पहिल्या पिढीतली मारुती ८००. आजोबांनी नंबर लावून घेतलेली, वडिलांनी चालवलेली, मग सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हरखाली उभी राहिलेली. विकायला काढली तर भंगाराचा भाव येतो, करायला घेतली तर नव्या गाडीएवढा पैसा खाते. व्यवहार बघणारा माणूस या फंदात पडणार नाही. तरी लोक पडतात. ते का पडतात हे ज्याला उमगत नाही, त्याच्या हातात कितीही कसब असलं तरी त्याचं गिऱ्हाईक नाराज होऊनच जातं.

पद्मिनीबद्दल थोडं माहीत असू द्या, कारण सुरुवातीला तुमच्या हाताखाली तीच येणार. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याखाली गाड्या बनायच्या. जुनी गोलमटोल फियाट अजूनही लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखतात. १९६४ मध्ये डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, मागच्या चाकांना ताकद, मागे धक्के झेलणारे पाटे (लीफ स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, पण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ही गाडी पुढेही जगवली. रस्त्यावर हजारो टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना मागणी होती, म्हणून कुणीतरी ते बनवत होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तेव्हापासून कुठला भाग नवा मिळेल, कुठला भंगारातून सोडवून आणावा लागेल आणि कुठला स्वतः घडवावा लागेल हे ठरवणं हा कामाचा मोठा भाग झालाय. कुर्ल्याचा भंगार बाजार, आमच्या नाना पेठेतली जुनी दुकानं, कुणाच्या पोटमाळ्यावरचा साठा हे सगळं पायाखालून जायला हवं. फोनवर ‘आहे’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे जुना भाग सोबत घेऊनच जा.

आता मुख्य गोष्ट. गाडी आत आली की लगेच पाना उचलायचा नाही. घरच्यांना गाडीभोवती फिरवायचं आणि बोलू द्यायचं. कुणीतरी मागच्या दारावर बोट ठेवून सांगतं, हा पोचा आईने गाडी शिकताना गेटला घासून पाडलाय. डेंटरला, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याला, तो काढायला फारसा वेळ लागत नाही, पण काढायचा की नाही हे त्याने ठरवायचं नसतं. डॅशबोर्डवरचा उन्हाने पांढरा पडलेला दत्ताचा स्टिकर, ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणामागे पेन्सिलीने लिहिलेले पेट्रोलचे हिशेब, अंगठा जिथे टेकायचा तिथे गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग हे सगळं आपल्या सवयीने आपण ‘खराब’ या खात्यात टाकतो. मी वहीत तीन रकाने आखतो: बदलायचं, जपायचं, विचारायचं. तिसरा रकाना सगळ्यात लांब होतो. प्रत्येक गोष्टीचा उघडण्याआधी फोटो, आणि प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. काम वर्षभर रेंगाळू शकतं, आणि तोवर दाराच्या आतली कुठली क्लिप कुठली होती हे कुणालाही आठवत नाही.

भावंडं असली की गुंता वाढतो. थोरल्याला गाडी नवी कोरी पांढरी हवी असते आणि धाकटीला लहानपणीचा रंग. मूळ रंग शोधायला सोपी जागा आहे: दाराचं पॅड काढा किंवा डिकीच्या कोपऱ्यातलं रबर उचला, तिथे ऊन पोचलेलं नसतं. तो तुकडा दाखवला की निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेले मिटेपर्यंत काम सुरू करू नका. सगळ्यांचा होकार लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर घेतला तरी चालेल.

त्याच बैठकीत आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, मागा. खूपदा ती वारलेल्या वडिलांच्याच नावावर असते. मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची असा नियम आहे. दुःखात हे कुणाच्या लक्षात राहत नाही आणि मग दंड, प्रतिज्ञापत्र, बाकी वारसांची संमती असं सगळं मागे लागतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांहून जुन्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० झाली. महाराष्ट्रात वरून पर्यावरण कर. बॉडीवर कोरलेल्या चेसिस नंबरचा ठसा स्वच्छ उठतो का हे पत्राकामाआधी बघून घ्या. त्या जागेवर ग्राइंडर फिरवणाऱ्या माणसाला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी काम नसतं.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीसाठी २०२१ पासून वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणीही आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. म्हणजे १९७४ ची पद्मिनी आता त्यात बसते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नातवाला शाळेत सोडायचं स्वप्न असेल तर साधी नोंदणीच बरी. गिऱ्हाईक ‘व्हीए’ नंबरला भाळतं, त्याला हे आधीच सांगा.

काय शिकावं असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: पत्रा शिका. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स चांगला आहे, करून या. पण इंजिन उघडणारी माणसं भरपूर आहेत. गंजलेला तुकडा कापून त्या जागी हुबेहूब नवा घडवणारा डेंटर मात्र शोधावा लागतो, आणि जे आहेत ते साठीला आलेत. त्यांच्या हाताखाली झाडू मारायला मिळालं तरी जा.

पद्मिनीला खाली वेगळी लोखंडी चौकट (चेसिस) नाही, सगळा सांगाडाच पत्र्याचा. त्यामुळे गंज हा इथे फक्त दिसण्याचा प्रश्न राहत नाही. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी आत झिरपतं आणि पायाखालचा फ्लोअर जातो. दारांखालचा पोकळ पट्टा आतून कुजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. डिकीत स्टेपनीखाली, दारांच्या खालच्या कडेला, हेडलाइटमागे आणि पाटे जिथे बॉडीला अडकतात तिथे हात घालून बघा. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून खड्डे भरायची पुट्टी आहे, आणि आधीच्या कुणीतरी भोकावर जाळी लावून वर ती थापलीय. अशी गाडी बाहेरून बघून अंदाजपत्रक देऊ नका. सीट, मॅट, पॅड सगळं काढून पत्रा उघडा केल्यावरच आकडा सांगा.

कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत मागे कापायचा. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग वीस गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमीचा पत्रा. वेल्डिंगची एकसलग रेघ ओढलीत तर उष्णतेने पत्रा पापडासारखा वर येतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मधे थंड होऊ द्यायचं. दारांखालचा पट्टा कापण्याआधी बॉडीला आधार द्या, नाहीतर गाडी मधे बसते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी उतरवल्याशिवाय वेल्डिंगचं मशीन चालू करायचं नाही. रिकाम्या टाकीला तर वेल्डिंग करायला हातच लावायचा नाही. आत उरलेली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते.

इंजिनाचं थोडक्यात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला कधीही सरळ सेल मारू नका (स्टार्टर फिरवू नका), आणि उत्साही मालकालाही मारू देऊ नका. प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवा. फिरलं तर पुढचं ठिणगीचे पॉइंट आणि कंडेन्सर बघणं, कार्ब्युरेटर साफ करणं एवढंच असतं. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र सरसकट बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते जुन्या रबराला फुगवतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरतं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. त्यातलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटना झिजण्यापासून वाचवायचं, म्हणून त्याआधीच्या इंजिनाचं हेड उघडलंच असेल तर व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या.

ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत ‘जपायचं’ हा रकाना बंद. मास्टर सिलेंडर, चाकांचे सिलेंडर, रबरी होज आणि ब्रेकचे लाइनर, सगळं नवं. मालक कितीही म्हणाला की बाबांनी शेवटचे लाइनर स्वतः बसवले होते, तरी. जुन्या लाइनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्यामुळे ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजात हसतील, हसू द्या.

रंगाबाबत माझं मत सगळ्यांना पटत नाही. जिथे मूळ ड्युको, म्हणजे जुन्या पद्धतीचा रंग, शाबूत आहे तिथे मी तो घासून पॉलिश करतो आणि दुरुस्त केलेल्या भागापुरता रंग जुळवतो. जुळवलेला रंग उन्हात किंचित वेगळा दिसतो. पण अख्खी गाडी हार्डनर मिसळून मारायच्या आजच्या चकचकीत टू-के रंगात बुडवली की ती खेळण्यातली दिसायला लागते. घरच्यांना दोन्हीचे नमुने पत्र्यावर मारून दाखवा आणि त्यांना निवडू द्या. सीटचंही तसंच. स्प्रिंगा आणि काथ्या नवा भरा, पण रेक्झिन टिकण्यासारखं असेल तर जुनंच शिवून चढवा.

पैशाचं शेवटी सांगतो. सगळी रक्कम आगाऊ घेऊ नका. पत्रा, यांत्रिक काम, रंग, सीट अशा टप्प्यांनी घ्या आणि प्रत्येक टप्प्याला घरच्यांना बोलावून उघडी गाडी दाखवा. काढलेला प्रत्येक भाग, गंजलेला असला तरी, खोक्यात भरून परत द्या. त्यातलं काय ठेवायचं आणि काय भंगारात द्यायचं ते त्यांचं ते बघतील. नोकरीला येताना मोठं सर्टिफिकेट नसलं तरी चालतं. स्वतः घडवलेला पत्र्याचा एखादा वळणदार तुकडा घेऊन या, वेल्डिंगची बाजू न घासता. मुलाखत त्यावरच होते. सुरुवातीला पगार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा कमी असतो आणि पहिले बरेच महिने गंज खरवडण्यातच जातात, हे घरी आधीच सांगून ठेवा.