आक्रमणाची पूर्वचिन्हे ओळखताना या चुका टाळा

घरोघरी जवान असलेल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, किंबहुना साऱ्या सातारा जिल्ह्यातच, सीमेवरील तणाव ही घरची बातमी असते. त्यामुळे महामार्गावरून लष्करी गाड्यांचा ताफा गेला किंवा रजेवर आलेल्या जवानाला युनिटमधून बोलावणे आले, की पारावर युद्ध सुरू होते. वास्तविक, या दोन्ही गोष्टी शांततेच्या काळातही घडतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ सैन्याची संख्या मोजणे. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये भारताने पश्चिम सीमेवर प्रचंड सैन्य उभे केले, ते कित्येक महिने तेथे राहिले आणि युद्ध झाले नाही. कारण सैन्य दबाव आणण्यासाठीही हलवले जाते. म्हणून केवळ धाक दाखवण्यासाठी जे लागत नाही, त्याकडे पाहावे. जानेवारी २०२२ च्या अखेरीस रशियाने युक्रेनच्या सीमेकडे रक्ताचा साठा हलवल्याच्या बातम्या आल्या होत्या. साठवलेले रक्त साधारण सहा आठवडेच टिकते. सरावासाठी ते कोणी वाया घालवत नाही. तरीही १५ फेब्रुवारीला रशियाने काही तुकड्या माघारी घेत असल्याचे जाहीर करताच अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आक्रमण झाले २४ तारखेला. घोषणा ऐकण्यापेक्षा फिरती लष्करी रुग्णालये, पूल बांधणारी पथके आणि इंधनाचे टँकर कोठे जात आहेत ते पाहावे.

दुसरी चूक सवयीची आहे. इजिप्तने १९७३ मध्ये सुएझ कालव्यालगत इतके सराव केले, की ऑक्टोबरमधील जमवाजमवही इस्रायलला सरावच वाटली. मे महिन्यातील युद्धाचा इशारा फोल ठरल्याने ही बेफिकिरी वाढली होती. इजिप्तमधील सोव्हिएत लष्करी सल्लागारांची कुटुंबे विमानांनी घाईघाईने परत नेली जात होती, हे चिन्ह मात्र सरावात बसणारे नव्हते. ६ ऑक्टोबरला हल्ला झाला.

आपल्याला जे अविचाराचे वाटते ते शत्रूही करणार नाही, असे धरून चालणे ही चूक आपण स्वतः केली आहे. चीन मोठे युद्ध छेडणार नाही, हे दिल्लीने मनाशी पक्के केले होते. २० ऑक्टोबर १९६२ नंतर ते गृहीतक कोसळले आणि कराडच्या यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जावे लागले.

राहता राहिले ताफ्याचे व्हिडिओ. ते व्हॉट्सॲपसारख्या समूहांवर टाकल्याने आपल्याला काही कळत नाही. आपल्या सैन्याची हालचाल टिपणाऱ्या परक्याला मात्र ते आयते मिळतात.