वायरिंग डायग्राम कसा वाचायचा: ऑटो इलेक्ट्रिकलमध्ये नवीन आलेल्यांसाठी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून वर्कशॉपला येणारी पोरं कामाला चांगली असतात, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन भराभर शिकतात, पण इलेक्ट्रिकलचा फॉल्ट आला आणि डायग्रामचं पान समोर ठेवलं की बरीचशी मागे सरकतात. इंग्रजी जमत नाही असं सांगतात. पण त्या पानावर इंग्रजी असतं तरी किती, फ्यूज, रिले, स्विच, ग्राउंड, मोटर, तेच थोडेसे शब्द सगळीकडे. खरी अडचण ही असते की पोरं पूर्ण पान एकदम समजून घ्यायला जातात. माझ्या मते डायग्राम असतो तो टेस्टर नेमका कुठे लावायचा हे ठरवण्यासाठी, आणि एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मी भीती जाते.

आधी हे लक्षात घ्या की डायग्राम लोकलच्या डब्यातल्या स्टेशनांच्या पट्टीसारखा असतो, कशानंतर काय येतं ते कळतं, ते गाडीत प्रत्यक्ष कुठे आहे आणि वायर किती लांब आहे ते कळत नाही. त्याच्यासाठी मॅन्युअलमध्ये कपलर (वायरी जोडणारे प्लग-सॉकेट) आणि अर्थ पॉइंट (म्हणजे ग्राउंड, जिथून करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो) यांच्या जागा दाखवणारी वेगळी पानं असतात, ती पण काढून शेजारी ठेवा.

बहुतेक डायग्राममध्ये वर सप्लाय आणि खाली अर्थ असतो. स्विच आणि रिले (कॉइलमधल्या छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ऑफ अवस्थेत काढलेले असतात, म्हणजे ते दाबल्यावर काय होईल हे तुम्हाला मनात हलवून बघायला लागतं. दोन रेषा एकमेकींवरून गेल्या आणि तिथे ठळक टिंब असेल तर जोड आहे, टिंब नसेल तर नुसत्या क्रॉस झाल्यात. रंगाच्या कोडमध्ये पहिलं अक्षर मुख्य रंगाचं, दुसरं पट्टीचं. जपानी पद्धतीच्या डायग्राममध्ये बी म्हणजे काळा म्हणून निळ्याला एल असतं, जर्मन गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे अर्थ. एका गाडीचा रंग दुसऱ्या गाडीला लावू नका, त्याच मॅन्युअलचं कोडचं पान बघा.

नंबर मात्र पाठ करा. डीआयएन ७२५५२ नावाचं जर्मन स्टँडर्ड आहे, त्यातले थोडे पुरतात: ३० म्हणजे बॅटरीचा कायम करंट, १५ म्हणजे चावी ऑन केल्यावर येणारा, ३१ अर्थ, ५० सेल्फचा. रिलेवर ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० ला करंट येतो आणि ८७ मधून पुढे जातो.

आता रेडिएटर फॅन घ्या. इंजिन तापतंय, फॅन फिरत नाही. डायग्राममध्ये बघाल तर दोन वेगळी सर्किट दिसतील, एक जाड वायरचं, बॅटरी, फ्यूज, रिलेचा ३०, ८७, फॅन मोटर, अर्थ, आणि दुसरं बारीक वायरचं, चावीवरून रिलेच्या कॉइलला करंट आणि कॉइलचं दुसरं टोक ईसीयूकडे (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर). बऱ्याच गाड्यांत ईसीयू फॅनला करंट देत नाही, तो कॉइलला फक्त अर्थ देतो. हे कळलं की काम सोपं होतं. रिले काढा, सॉकेटमध्ये ३० ला १२ व्होल्ट आहे का बघा, मग फ्यूज लावलेल्या जंपरने (जोडायच्या छोट्या वायरने) ३० आणि ८७ जोडा. फॅन फिरला तर मोटर ओके, तिचा अर्थ ओके, जाड वायर ओके, अर्धं पान एका मिनिटात बाजूला झालं आणि फॉल्ट उरला रिलेमध्ये नाहीतर बारीक वायरच्या बाजूला. नाही फिरला तर ईसीयूकडे बघायचंच नाही, आधी ही बाजू. डायग्राम न बघता काम करणारे इथेच ईसीयूकडे जाणाऱ्या वायरला डायरेक्ट बारा व्होल्ट देऊन बघतात, आणि ती वायर आतमध्ये अर्थ करणारी असल्यामुळे ईसीयूच्या आतला अर्थ देणारा भाग, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो उडू शकतो. फॅनच्या तक्रारीवर ईसीयूचा खर्च बसतो कस्टमरच्या माथी. ही गोष्ट मला फार लागते, कारण पान दोन मिनिटं बघितलं असतं तर हे टळलं असतं.

दुसरं, अर्थ. नवीन माणूस करंट कुठून येतो एवढंच बघतो आणि परत कसा जातो ते सोडून देतो. ब्रेक दाबला की ब्रेक लाइट मंद लागतो आणि सोबत पार्किंग लाइट पण मिणमिणतात, अशी तक्रार येते. बल्ब बदलतात, स्विच बदलतात, काही होत नाही. डायग्राममध्ये त्या मागच्या लॅम्पवर बोट ठेवा: एकाच बल्बमध्ये २१ वॉटची ब्रेकची आणि ५ वॉटची पार्किंगची फिलामेंट, आणि दोघींचा अर्थ एकच. तो अर्थ तुटला की ब्रेकचा करंट २१ वॉटमधून येतो, खाली जायला वाट नाही, मग ५ वॉटच्या फिलामेंटमधून उलटा पार्किंगच्या वायरमध्ये शिरतो आणि बाकीच्या पार्किंग बल्बमधून त्यांचा अर्थ शोधतो. कागदावर बोटाने ही वाट एकदा फिरवून बघितली की परत कधी विसरणार नाही.

अर्थ तपासताना मल्टीमीटरच्या बीपवर विश्वास ठेवू नका. वायरची एक तार शिल्लक असली तरी मल्टीमीटर बीप देतो, पण ती तार बल्बचा लोड पेलत नाही. ब्रेक दाबून ठेवायला कुणाला तरी बसवा, मीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक लॅम्पच्या अर्थ पिनला आणि काळं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर अर्थ चांगला, दोन-चार व्होल्ट दिसले तर अर्थ खराब, संपला विषय.

कपलरच्या चित्रात एक गोष्ट बघाच, ते पिनच्या बाजूने दाखवलंय का वायरच्या बाजूने. मागून प्रोब करताना तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं आणि पिन १ च्या जागी तुम्ही भलतीच पिन मोजता. लॉक कुठल्या बाजूला आहे ते धरून मोजा.

सरावाला हॉर्नचं सर्किट घ्या, मग हेडलाइट आणि डिपर, मग पॉवर विंडो, ईसीयूची पानं त्यानंतर. प्रिंट काढून रंगीत पेनने गिरवा, कायम करंट लाल, चावीचा नारंगी, अर्थ तपकिरी. मग पान बंद करून तेच सर्किट हाताने काढा. इंटरव्ह्यूला बायोडाटासोबत अशी गिरवलेली चार पानं न्या, ती बघून तुमच्याशी नीट बोलणं होईल.

कॅन बस, म्हणजे गाडीतले ईसीयू एकमेकांशी बोलतात ती दोन वायरची लाइन, नंतर शिका, पण एवढं आत्ताच माहिती असू दे की बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ पिनमध्ये ६० ओहमच्या आसपास यायला पाहिजे, कारण बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आलं तर त्यातला एक कुठेतरी सुटलाय, आणि मग कुठल्या कपलरपासून शोधायचं ते परत डायग्रामच सांगतो. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत नारंगी केबल दिसली तर हे काहीही लावायचं नाही, ते हाय व्होल्टेज आहे, जिवाला धोका आहे, त्याचं ट्रेनिंग वेगळं असतं आणि ते झाल्याशिवाय हात लावायचा नाही.