कोड चालतोय, पण हात लावायची भीती वाटते? या चुका टाळा

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2024-25 च्या हंगामात क्विंटलला 7,521 रुपये होता, 2025-26 ला तो 8,110 झाला. खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढा बदल करायला तुम्हाला किती वेळ लागला? टेबलातली एक ओळ बदलून चहाला जाता आलं असेल तर हा लेख सोडून दिला तरी चालेल. पण 7521 हा आकडा पावतीच्या फाइलमध्ये, रिपोर्टात, एसएमएसच्या मजकुरात शोधत फिरावं लागलं आणि तरीही पहिल्याच दिवशी एखादी पावती जुन्या भावानं निघाली, तर दुखणं कोडच्या रचनेत आहे. हिंगणघाट, वणी, राळेगाव या पट्ट्यातल्या जिनिंगांमध्ये, अडत्यांकडे, शेतकरी कंपन्यांकडे असे प्रोग्राम भरपूर आहेत. कोणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिलेले, आणि अजून रोज वापरात असलेले. असा जुना कोड सुधारताना होणाऱ्या चुका पुढे दिल्या आहेत.

चूक: सगळ्यात घाण दिसणारी फाइल आधी साफ करायला घेणं

कोड वाचताना ज्याची किळस येते तिथं हात जातोच. पण तीन हजार ओळींची एखादी गचाळ फाइल पाच वर्षांत कोणी उघडलीच नसेल, तर ती कोणाला त्रास देत नाही. राहू द्या तिला. त्रास देते ती वारंवार बदलावी लागणारी आणि गुंतागुंतीची फाइल. ती ओळखायला डोळ्यांपेक्षा इतिहास कामाचा. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. त्याच्या लॉगमधून गेल्या वर्षभरात बदललेल्या फायलींची नुसती नावं काढा, कोणतं नाव किती वेळा आलं ते मोजा. वरच्या दहा नावांत मोठ्या फायली कोणत्या, ते बघा. बहुतेक वेळा दोन-तीनच उरतात.

त्याच लॉगमध्ये आणखी एक गोष्ट सापडते: नेहमी जोडीनं बदलणाऱ्या फायली. पावती बदलली की रिपोर्टही बदलावा लागतो, असं दर वेळी होत असेल तर एकच नियम दोन जागी लिहिलेला आहे. गुंतागुंत मोजायची असेल तर थॉमस मॅकेबनं 1976 मध्ये मांडलेलं माप अजून चालतं. फंक्शनमधल्या निर्णयाच्या जागा (‘असं असेल तर’ अशा अटी) मोजायच्या आणि त्यात एक मिळवायचा. दहाच्या वर गेलं की सावध व्हायचं, अशी त्यानंच घालून दिलेली रीत. मात्र त्या आकड्याला देव मानू नका.

गिटच नाही? ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’, ‘फायनल_खरं’ अशी फोल्डरं आहेत? मग आधी गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष चालणारी प्रत आणा, एक अक्षर न बदलता गिटमध्ये टाका आणि बाकीच्या फोल्डरांशी ताडून बघा. गिटला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे नेटवर्क नसण्याची सबब इथं चालत नाही.

चूक: ‘हे सगळं नव्यानंच लिहू’

जुन्या कोडमधली विचित्र अट बहुतेक वेळा कोणाच्या तरी भांडणातून आलेली असते. समजा, हमाली कापणाऱ्या फंक्शनमध्ये एक ओळ आहे: वाहनाचा प्रकार 3 असेल तर हमाली शून्य. कमेंट नाही, काही नाही. नव्यानं लिहिणारा ती निरर्थक म्हणून उडवतो. मुनीमजींना विचारलं असतं तर कळलं असतं: “बंडीचा माल वेगळा हाय ना भाऊ. बंडी शेतकरी सोताच खाली करते, मंग हमाली कायची कापता?” बंडी म्हणजे बैलगाडी. ही माहिती कोडशिवाय दुसरीकडे कुठंच लिहिलेली नसते. म्हणून अट काढण्याआधी विचारायचं, उत्तर मिळालं की 3 च्या जागी ‘बंडी’ असं नाव द्यायचं. ओळ तीच राहते, पण पुढच्या माणसाला कळते.

असाच दुसरा सापळा म्हणजे शोधा-आणि-बदला. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत कापसाच्या ओलाव्याची वरची मर्यादा 12 टक्के. उद्या ती बदलली आणि कोणी कोडभर 12 शोधून बदलले, तर वर्षाचे महिनेही बदलतील. आकड्याला नाव हवं, आणि ते एकाच जागी.

चूक: आधी बदलायचं, मग तपासायचं

जुन्या कोडला टेस्ट, म्हणजे उत्तर बरोबर येतं का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, नसतात. पण त्याच्या डेटाबेसमध्ये गेल्या हंगामाच्या हजारो पावत्या पडलेल्या असतात, त्याच तुमच्या टेस्ट. वजन, ओलावा, भाव, कपात, वाहन अशा वेगवेगळ्या तऱ्हेच्या काही शे पावत्या निवडा, जुन्या आणि नव्या फंक्शनमधून काढा, पैशापर्यंत जुळवा. इथं ‘बरोबर काय’ हे ठरवायचं नाही, ‘आज काय होतं’ तेवढंच पकडायचं. जुनं उत्तरच चुकीचं निघालं तर ते वेगळं काम, मालकाला विचारून. एका कमिटमध्ये (गिटमधल्या एका नोंदीत) रचना आणि हिशेब दोन्ही बदलले, तर फरक कशानं पडला ते शोधताना रात्र जाते.

पावत्या जुळवताना पाच-दहा पैशांचे फरक हमखास निघतात. रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवली की असं होतं. फ्लोटमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.30000000000000004 येते. रक्कम पूर्णांक पैशांत किंवा डेसिमल प्रकारात ठेवा, आणि राऊंडिंग एकाच फंक्शनमध्ये. कवेलूच्या (कौलारू) घरात राहिलेल्याला ठाऊक असतं, पाणी शिरतं एका जागी आणि टपकतं दुसरीकडेच. रिपोर्टाच्या बेरजेत दिसणारा फरक रिपोर्टात दुरुस्त करायला जाऊ नका.

चूक: मराठी नावांकडे दुर्लक्ष

इंग्रजी लेखांत हा भाग सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर. जुन्या प्रोग्राममधली नावं बऱ्याचदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये भरलेली असतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्यावर युनिकोडची नवी नावं भरली जातात आणि मग दर फंक्शनमध्ये ‘जुनं असेल तर असं दाखव’ अशी ठिगळं लागतात. डेटा एकदाच बदलून घ्या. जुना कॉलम हंगामभर तसाच ठेवा आणि ठिगळं काढून टाका.

युनिकोडमध्येही गंमत आहेच. ‘वऱ्हाडे’ मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. ‘ॲ’ चंही तसंच. युनिकोडचं प्रमाणित नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची रीत) हे दोन्ही फरक मिटवत नाही. मग एकच शेतकरी दोनदा नोंदला जातो आणि त्याची निम्मी देणी एका खात्यात, निम्मी दुसऱ्यात. नाव आत येतं त्या एकाच जागी रूप पक्कं करून घ्या. शोधण्याच्या प्रत्येक पानावर वेगळी मलमपट्टी नको.

चूक: सारखं दिसलं की एकत्र करणं

तुरीची आणि कापसाची कपात आज एकाच सूत्रानं होते म्हणून एक फंक्शन केलं, आणि पुढच्या वर्षी एकाचाच नियम बदलला, की त्यात ‘जर तूर असेल तर’ शिरतं. नियम ज्याच्या त्याच्या कारणानं बदलत असतील तर चार ओळी दोनदा असू द्या. मेलेला कोड मात्र बिनधास्त काढा, कमेंटमध्ये पुरून ठेवू नका, गिटला आठवतं.

चूक: हंगामात दुरुस्ती

दिवाळीनंतर जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागलेली असताना टेबलाची रचना बदलायची नाही. ही कामं पावसाळ्यातली, आणि तेव्हाच लाइनही जास्त जाते. माय-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञा आधीचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) आपोआप पक्का करून टाकते, रोलबॅकनं, म्हणजे बदल मागे घेण्याच्या आज्ञेनं, ती परत फिरत नाही. म्हणजे चारपैकी दोन आज्ञा झाल्या आणि लाइन गेली, तर अर्धवट डेटाबेस हातात राहतो. आधी बॅकअप, तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा, मग बदल.

ते दुसरं मशीन हाताशी आहेच, तर प्रोग्राम त्यावर पहिल्यापासून उभा करायला तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी बसवा. तो जिथं अडून फोन करेल, त्या प्रत्येक जागेसाठी रीडमी फाइलमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) एक ओळ लिहा.