जिप्सीचे मागचे कमानपाटे घरी बदलताना

मारुतीच्या जिप्सीत मागच्या आडव्या बाकावर बसून ज्यांनी घाट उतरलाय, त्यांना कमानपाटा (चाकाचा धक्का झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या) म्हणजे काय हे कंबरेनंच सांगितलेलं असतं. १९८५ ला गाडी आली, १९९६ ला १३०० सीसीचं इंजिन घेऊन जिप्सी किंग आली, पण चारही चाकांवर पाटे ते पाटेच. माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात झाली. आता देवगडात आंब्याची कलमं सांभाळतो आणि जुन्या किंगमधून पेट्या बागेतून वर रस्त्याला आणतो. एसटीच्या पाट्यांपुढे जिप्सीचा पाटा म्हणजे खेळणं. हे काम घरी होतं. आंबा संपला की मिरगाआधी करून टाकायचं, पावसात चिखलात लोळून नाही.

आधी पाटे खरंच गेलेत का ते बघा. गाडी रिकामी, सपाट जागेवर, चारही चाकांत हवा सारखी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपनं माप घ्या आणि लिहून ठेवा. एक बाजू स्पष्ट खाली असेल, शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी) मागे कलंडलेली दिसत असेल, तर पाटा बसलाय. मग तारेच्या ब्रशनं पाटे घासून बॅटरीच्या उजेडात बघा. तडा बहुतेक पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टाच्या भोकाजवळ नाहीतर मेन (सगळ्यात लांब) पाट्याच्या डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल वळशाजवळ, असतो. मेन पाट्याला तडा असेल तर चर्चा संपली, नवा सेट घ्या. नुसता बसला असेल तर कमानपाटेवाला ठोकून पुन्हा कमान देतो, पण तो पाटा परत बसतो हा माझा अनुभव. "एक पाटा वाढवून घ्या" असंही कोणीतरी सांगेलच. पेट्या भरल्या की बरं वाटतं, रिकाम्या गाडीत मात्र दात वाजतात. मी वाढवत नाही.

सामान: दोन्ही बाजूंचे पाटे (एकच बाजू बदललीत तर गाडी तिरकी उभी राहील), सगळे बुश (पाट्याच्या डोळ्यांत बसणारी रबरं), शॅकल पिना, मागचे दोन शॉकअप गळत असतील तर तेही, आणि यू-बोल्ट नवे. यू-बोल्टवर कंजुषी नको. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट परत तशी पकड देत नाहीत, आणि अख्खं हाऊजिंग (मागच्या ॲक्सलचं लोखंडी आवरण) पाट्यावर धरून ठेवणारे तेवढेच असतात.

कामाच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. खाऱ्या वाऱ्यातल्या गाडीला तर हे हवंच.

आता गाडी उचलायची. इथे घाई करणाऱ्याला मी पाना हातात देत नाही. गाडी गिअरमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नका: मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक गाडी धरत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे ठोकून बसवा. यू-बोल्टचे नट गाडी चाकांवर असतानाच थोडे सैल करून घ्या. मग चेसी उचलून पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पाटा चेसीला धरणाऱ्या पकडीच्या) पुढे, दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) लावा. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात आणि मोह होतो, पण जांभा भाराखाली न सांगता फुटतो. चिऱ्यावर गाडी ठेवून खाली जायचं नाही म्हणजे नाही. दुसरा जॅक हाऊजिंगखाली.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसऱ्या बाजूचा पाटा हाऊजिंग जागेवर धरून ठेवतो. चाक काढा, शॉकअपचं खालचं टोक सोडवा, मग हाऊजिंग हळूहळू खाली सोडा. ब्रेकच्या रबरी पाइपावर डोळा ठेवा, तो ताणला की थांबा. जिप्सीत पाटा हाऊजिंगच्या खाली असतो, त्यामुळे यू-बोल्ट आणि खालची प्लेट निघाली की पाटा खालूनच मोकळा होतो. मागची शॅकल आधी, पुढचा बोल्ट नंतर.

पुढचा बोल्ट छळतो. नट निघतो, पण बोल्ट बुशात गंजून धरलेला असतो. "काका, ह्यो बोल्ट नुसतो गरगरता," असं माझा पुतण्या म्हणाला की मला कळतं ग्राइंडर काढायचा. पाट्याचा डोळा आणि हँगर यांच्या फटीतून दोन्हीकडे कापा, हँगरला ओरखडा न लावता. पेट्रोलची टाकी मागेच आहे, तेव्हा ठिणग्यांच्या वाटेत पत्रा उभा करा आणि ओलं गोणपाट टाकीवर टाका. गॅसची ज्योत तिथे नेऊच नका.

नवा पाटा जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून पुढची-मागची बाजू ओळखा, मधला बोल्ट दोन्ही टोकांपासून सारखा असेलच असं नाही. बुश साबणाच्या पाण्यानं बसवा. ग्रीस किंवा जळकं ऑइल लावाल तर रबर फुगून जाईल. पुढचा बोल्ट आणि शॅकल घाला, नट फक्त हातानं. मग हाऊजिंग पाट्यावर टेकवताना मधल्या बोल्टाचं डोकं हाऊजिंगच्या बैठकीतल्या भोकात नेमकं उतरलंय हे बोटानं चाचपा. ते कडेला राहिलं तर हाऊजिंग तिरकं बसतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्टचे चारही नट तिरप्या क्रमानं थोडे थोडे आवळा, चारही टोकांना आटे सारखे बाहेर दिसले पाहिजेत.

बुशांचे बोल्ट अजूनही ढिलेच ठेवा. नव्वद टक्के लोक, गॅरेजवालेसुद्धा, गाडी हवेत लटकलेली असतानाच ते करकचून आवळतात. मग गाडी खाली आली की पाटा सरळ होतो, पण रबर आधीच्या कोनात धरलेलं असल्यामुळे कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उंच आणि कडक वाटते, "नवे पाटे आहेत, बसतील" असं सांगितलं जातं, आणि बुश वर्षभरात फाटतात. दोन्ही बाजू झाल्या की शॉकअप जोडा, चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, मागे दोघांना उभं करून चार वेळा दाबा. आता, चाकांवर वजन असताना, खाली सरपटून बुशांचे बोल्ट पक्के आवळा.

मघाचं माप पुन्हा घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतही दोन्ही बाजूंनी मोजा, फरक पडला तर मधला बोल्ट बैठकीत नाही. शंभरेक किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळा, ते थोडे फिरतातच. पेट्या भरून पहिली फेरी मारल्यावर पुन्हा एकदा.