जुन्या मित्रासोबत एका दिवसात राजमाची: कर्जतला भेट, लोणावळ्याला निरोप

एक मुंबईत, दुसरा पुण्यात आणि दोघेही पन्नाशी ओलांडलेले. अशा जोडीला एका दिवसात भेटायचं असेल तर राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचं उधेवाडी हे गाव फार सोयीचं. कर्जतच्या बाजूने चढायचं आणि लोणावळ्याच्या बाजूने जीपने उतरायचं. उलट करू नका. कर्जतच्या बाजूची, कोंढाणे लेण्यांकडची उतरण सरळ आणि घसाऱ्याची आहे. चढताना दम लागतो, तो थांबलं की ओसरतो, पण उतारावर गुडघ्यांवर येणारा भार थांबून कमी होत नाही. पन्नाशीनंतरचे बहुतेक गुडघे उतरतानाच बोलायला लागतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, त्यातही मधला वार. मे अखेरीस लोक काजवे पाहायला येतात, पण तो रात्रीचा मामला, एका दिवसात बसत नाही. पावसाळ्यात ही वाट टाळाच. ओढे अचानक फुगतात, कातळावर शेवाळ येतं, लोणावळ्याकडच्या रस्त्यावर जीप चिखलात रुततात. पर्यटनस्थळांवर प्रशासनाचे बंदी आदेशही याच दिवसांत निघतात.

आदल्या दिवशीचे दोन फोन

पहिला फोन उधेवाडीत, ज्या घरी जेवणार त्यांना. दोन माणसं, जेवायची वेळ आणि काय हवं ते सांगा. पिठलं, भाकरी, भात, ठेचा असा बेत असतो. मित्राला रक्तदाबामुळे मीठ कमी लागत असेल तर तेही आधीच सांगा, कारण शिजल्यावर काही करता येत नाही. त्याच फोनवर परतीच्या जीपचं नक्की करा. शक्यतो गावातलीच गाडी ठरवा. लोणावळ्याहून वर येणारी गाडी दुसरं भाडं मिळालं की उशीर करते. पूर्ण गाडी घेणार की माणशी भाडं देणार, हे आधीच स्पष्ट बोला. गाडी आलीच नाही तर लोणावळा साधारण पंधरा किलोमीटर. रस्ता बराचसा सपाट असला तरी चालत चार तास जातात, म्हणून दोघांकडे विजेरी हवीच.

दुसरा फोन मित्राला. बूट, औषधं आणि गेल्या महिन्याभरात तो सलग किती चालला, एवढं विचारा. रोज तासभर चालत नसेल, तर दोघांनीही लोणावळ्याहून जीपने जाऊन जीपनेच परत या. गाव तेच, गप्पाही त्याच.

सकाळ

मुंबईकराने पहाटेची कर्जत लोकल धरावी. सीएसएमटीहून दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. पुणेकराला सकाळी सहाच्या सुमाराची सिंहगड एक्स्प्रेस सोयीची, ती कर्जतला थांबते. वेळापत्रक मात्र आदल्या रात्री तपासा. नाश्ता स्टेशनजवळच उरका आणि रिक्षाने चढाच्या पायथ्याचं कोंदिवडे गाव गाठा.

प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या. थंडी सरली की वाटेत भरवशाचं पाणी नसतं. लिंबू-मीठ-साखर, खजूर, एकेक काठी, टोपी आणि रोख पैसे बरोबर हवेत. कोंदिवड्यातून वाटाड्या घ्या, त्यात कंजुषी नको. लेण्यांच्या पुढे गुरांच्या वाटा अनेक फुटतात आणि त्या रानात नेऊन सोडतात.

चढ

तासाभरात कोंढाणे लेणी येतात. ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीची मानतात. चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागात एका भग्न मूर्तीशेजारी ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, असं त्यात म्हटलंय. गुरूचं नाव आधी घालून स्वतःचं नाव कोरणारा हा कारागीर नीट थांबून पाहावा असा आहे. इथे अर्धा तास बसा.

पुढे जायचं की नाही, तेही इथेच ठरवा. साडेदहाच्या आत लेणी सोडता आली नाहीत, किंवा कुणाला छातीत दाटल्यासारखं, गरगरल्यासारखं, थंड घाम फुटल्यासारखं वाटलं तर खाली उतरा. यापुढे फोनला रेंज मिळेलच असं नाही आणि माणूस उचलून आणायला हात कमी पडतात.

लेणी ते गाव हा खडा चढ तरण्यांना दोन तासांचा. तुम्ही तीन धरा. जो हळू चालतो तो पुढे, दुसरा मागे. वेगाचं माप सोपं आहे: बोलता बोलता वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल तर थांबायचं. जुने मित्र जुन्या चढाओढीत पाय उचलतात आणि दम लागल्याचं कबूल करत नाहीत, म्हणून दर वीस मिनिटांनी ठरवूनच पाच मिनिटं बसा. तहान लागायची वाट न पाहता दोन-दोन घोट पाणी घ्या. पोटरीत गोळे येतात ते बहुधा पाणी आणि मीठ कमी पडल्यावर.

गावात

दीड-दोनपर्यंत पोचाल. पोटभर जेवून लगेच चढू नका, अर्धा तास ओसरीवर आडवे व्हा. मग दोघांच्या पायांकडे बघून ठरवा. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. बोरघाटाच्या जुन्या व्यापारी वाटेवर नजर ठेवणारा हा किल्ला 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. श्रीवर्धन उंच, मनरंजन त्याहून सोपा. पाय भरून आले असतील तर दोन्ही सोडा आणि तळ्याकाठच्या गोधनेश्वराच्या जुन्या दगडी शिवमंदिरात जाऊन बसा. आमच्या मते गप्पांसाठी तीच जागा सरस.

कचरा परत न्या, गावात तो उचलायला गाडी येत नाही.

साडेचारला जीप सुटलीच पाहिजे. रस्ता खडबडीत, दीड तास जातो, म्हणून कंबर दुखणाऱ्याने पुढच्या सीटवर बसावं. लोणावळ्याहून पुणेकराला लोकल मिळते. मुंबईकराने मात्र लोकलच्या भरवशावर राहू नये, कारण लोणावळा ते कर्जत लोकल धावत नाही. संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे जाणारी इंद्रायणी इथे थांबते, तिचं आरक्षण घरून निघण्याआधीच करून ठेवा.