गॅस गिझरचा फ्लू पाईप लावताना या चुका टाळा

डिसेंबरात नागपूरचा पारा 10 अंशांच्या खाली गेला, की बाथरूमच्या व्हेंटिलेटरला पुठ्ठा लागतो. धूर बाहेर नेणारा फ्लू पाईप आहे, मग भीती कसली, असं वाटतं. पण आत हवाच येत नसेल तर धूर पाईपातून वर चढत नाही. 6 लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास 1 किलो एलपीजी जाळतो आणि त्याला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. 5 बाय 7 फुटांच्या बाथरूममध्ये जेमतेम 8 घनमीटर हवा असते. वर एक्झॉस्ट फॅन सुरू केला तर आणखी वाईट: दार-खिडकी बंद असल्यानं फॅन बाहेरची हवा फ्लू पाईपातूनच ओढतो आणि धूर उलटा आत येतो. तेव्हा दाराखाली जाळी ठेवा, ती बुजवू नका.

पाईप गिझरच्या कॉलरच्याच, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या वरच्या तोंडाच्याच मापाचा हवा. कॉलर 90 मिमीची असेल तर 75 चा पाईप रिड्यूसर (माप कमी करणारा जोड) लावून बसवायचा नाही. स्वस्त पडतो म्हणून पीव्हीसी तर अजिबात नको, धुराच्या उष्णतेनं तो मऊ पडून वाकतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) किंवा अ‍ॅल्युमिनियम घ्या, प्रत्येक जोडाला 3 स्क्रू मारा.

सगळ्यात जास्त घोळ एल्बोत, म्हणजे पाईप वळवणाऱ्या कोपऱ्याच्या जोडात होतो. कॉलरवरच एल्बो बसवून पाईप आडवा खिडकीतून काढतात. आधी किमान 1 फूट, जमल्यास 2 फूट सरळ वर न्या, मग वळवा. आडवा भाग आखूड ठेवा आणि बाहेरच्या दिशेनं मीटरमागे 2 सेंमी चढता. 1 किलो गॅस जळाला की दीड किलोच्या वर पाण्याची वाफ होते. पाईप मध्येच झुकला असेल तर तिचं पाणी तिथं साचतं, वाट अडते, पत्रा गंजतो. भिंतीबाहेर पाईप पुन्हा वर वळवून टोपी लावा. फ्लॅटमध्ये त्याचं तोंड इमारतीच्या डक्टात (बाथरूममागच्या उभ्या मोकळ्या जागेत) सोडू नका, तिथं वरच्या मजल्यांचे व्हेंटिलेटर उघडतात.

उन्हाळाभर गिझर बंद असतो, तेवढ्यात पाईपात घरटं होतं. नोव्हेंबरात टोपी काढून बघा. मग दार बंद करून, फॅन लावून गिझर 5 मिनिटं चालवा आणि कॉलरखालच्या फटीजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. तुमच्याकडे परतला तर गिझर बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. ज्योत निळी आहे म्हणून गिझर चालू ठेवू नका, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आंघोळीत डोकं दुखलं, मळमळलं तर तडक बाहेर या.

बाल्कनीत जागा असेल तर गिझर तिथंच लावा आणि आत फक्त गरम पाण्याची लाईन आणा. आमच्या मते तेच बरं.