परदेशातलं पहिलं स्वतःचं घर: पदवी हातात पडल्यावर काय करावं

शिक्षण संपलं, वसतिगृह सुटलं आणि आता तुमच्या नावावर भाड्याचं पहिलं घर आहे. दरवर्षी तुमच्यातलं कोणी ना कोणी मला विचारतं, "ताई, शक्य तितकं घरीच करायचंय, कचरा कमी करायचाय, वस्तू टिकवायच्यात. सुरुवात कुठून करू?" मायदेश सोडून मला आता बरीच वर्षं झाली आणि माझं उत्तर बदललेलं नाही. पहिला महिना शक्यतो काही विकत घेऊ नका. झोपायला काहीतरी, एक पातेलं, एक तवा, एक चांगली सुरी, एवढ्यावर राहून बघा. घर कुठे गार पडतं, ऊन कुठल्या खिडकीत येतं, आपण खरोखर कुठे बसून जेवतो, हे राहिल्याशिवाय कळत नाही.

"पर्यावरणपूरक" म्हणून जे खपवलं जातं त्याबाबत तर जास्तच सावध राहा. बांबूचे डबे, सुंदर काचेच्या बरण्या, कापडी पिशव्यांचा ढीग. कापूस पिकवायला इतकं पाणी आणि जमीन लागते, की एकच कापडी पिशवी वर्षानुवर्षं वापरली तरच तिचा उपयोग. सगळ्यात कमी कचरा त्या वस्तूचा, जी तुम्ही घेतलीच नाही. शिवाय आपली, परदेशात राहणाऱ्यांची, एक वेगळी अडचण आहे. नोकरी बदलते, व्हिसा बदलतो, शहर बदलतं आणि सामान मागे ठेवावं लागतं. हाताला लागलेलं काम मात्र बॅगेच्या वजनात धरत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी पैसे आणि वेळ वस्तूंपेक्षा शिकण्यावर घाला.

टेबल, खुर्ची, कपाट, भांडी जुनीच घ्या. गादी मात्र जुनी घेऊ नका. घ्यावीच लागली तर शिवणींच्या कडांना काळे बारीक ठिपके आहेत का ते टॉर्च लावून बघा. ते ढेकणांचे असतात आणि ढेकूण एकदा घरात आले की काढता काढता जीव जातो. जुने कपडे सोसत असतील तर 60 अंशांवर धुऊन घ्या. घरून आणलेली विजेची उपकरणं लावण्याआधी मागची पट्टी वाचा. 100-240 व्होल्ट लिहिलेला चार्जर कुठेही चालतो. पण फक्त 220-240 लिहिलेला मिक्सर 110-120 व्होल्टच्या देशात नीट फिरणार नाही आणि उलट केलं तर जळेल.

आता दुरुस्ती. मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटणारी गोष्ट हीच. मोजा टाचेला फाटला की बहुतेक जण भोकाच्या दोन्ही कडा ओढून गाठ मारतात. ती गाठ दिवसभर टाचेला टोचते आणि दोन धुण्यांत पुन्हा उसवते. त्याऐवजी मोजा एखाद्या चेंडूवर हलकासा ताणा. भोकाच्या साधारण एक सेंटीमीटर बाहेरून, जिथे कापड अजून धड आहे तिथून, धावदोरा सुरू करा. उभे धागे शेजारी शेजारी घाला आणि प्रत्येक वळणावर धाग्याचा बारीकसा फासा सैल सोडा, कारण लोकर धुतल्यावर आटते. मग सुई आडवी फिरवा. एका धाग्यावरून, पुढच्याखालून. परतताना उलट. शेवटी गाठ मारायची नाही, धागा धड कापडात थोडा ओवून कापायचा. पहिला रफू वेडावाकडा दिसेल. दिसू दे, तो टिकतो.

बटण, उसवलेली शिवण, गळका नळ, सैल बिजागरी ही सगळी याच घराण्यातली कामं. बहुतेक गळके नळ आतला रबरी वॉशर झिजल्यामुळे गळतात. तो बदलताना आधी पाण्याचा कॉक बंद करायचा असतो, तेव्हा घराची किल्ली मिळेल त्याच दिवशी तो कॉक आणि विजेचा मेन स्विच शोधून ठेवा. यापलीकडचं काही बिघडलं तर जवळपास रिपेअर कॅफे भरतो का ते विचारा. ही कल्पना 2009 साली ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली आणि आता अनेक देशांत पसरली आहे. तिथे जाणकार माणसं आपल्याबरोबर बसून वस्तू दुरुस्त करतात. नव्या गावात ओळखी होण्यासाठी मला याहून चांगली जागा सापडलेली नाही. तिथे हातात काम असतं, त्यामुळे काय बोलावं हा प्रश्न पडत नाही.

स्वयंपाकघरात एकाच वेळी सगळं घरी करायला जाऊ नका. एक पदार्थ निवडा आणि तो झोपेतही जमेल इतका करा. टिकवणीचं काही शिकायचं असेल तर मिठातल्या आंबवलेल्या भाज्यांपासून सुरू करा. चिरलेल्या 1 किलो कोबीला 20 ते 25 ग्रॅम मीठ, वजन करूनच, अंदाजाने नाही. हाताने चुरून घ्या, त्याचंच पाणी सुटेल. बरणीत दाबून भरा, कोबी पाण्याखाली राहिला पाहिजे. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. दोन-तीन दिवसांत बुडबुडे दिसतील, पाणी गढूळ होईल, आंबूस वास येईल. हे लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या चांगल्या जंतूंचं काम, ते आम्ल वाईट जंतूंना वाढू देत नाही. वर केसाळ बुरशी आली तर सगळं टाकून द्या, वरवर काढून खाऊ नका.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. हवा नसलेल्या आणि आंबट नसलेल्या अन्नात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं आणि त्याला वास येईलच असं नाही. दुसरं म्हणजे राजमा. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळा. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकला तर त्यातलं विषारी द्रव्य नष्ट होत नाही.

थंड देशात असाल तर घरातली ओल ही तुमची पहिली लढाई. धुतलेले कपडे आत वाळत घातले की एका खेपेतून लीटर-दोन लीटर पाणी हवेत जातं, ते गार भिंतीवर बसतं आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. घर सोडताना अनामत रक्कम कापली जाण्याचं हे नेहमीचं कारण. खिडकी दिवसभर किंचित उघडी ठेवून उपयोग नाही, त्याने भिंती गार होतात. समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा, मग बंद करा, असं दिवसातून दोन-तीनदा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

धुण्याच्या मशीनची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते, म्हणून रोजच्या कपड्यांना 30 अंश पुरे. सफाईला व्हिनेगर आणि खायचा सोडा वेगवेगळे वापरा. एकत्र केले की एकमेकांचा जोर मारतात. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. ओल्या कचऱ्याचं खत करणार असाल तर एक भाग भाजीच्या सालांना दोन-तीन भाग सुकी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा घाला. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, अजून पुठ्ठा टाका.

हे सगळं वाचून छातीत धस्स होत असेल, तर नवी नोकरी हेही एक मोठं काम आहे हे ध्यानात घ्या. पहिले काही महिने संध्याकाळी उभं राहायचीही ताकद नसते. त्या दिवसांत तयार जेवण आणलंत तर मनाला लावून घेऊ नका. एका ऋतूत एक गोष्ट शिका. या हिवाळ्यात रफू, पुढच्या उन्हाळ्यात कुंडीतली पालेभाजी. आणि अडलं तर मला लिहा, फाटलेल्या मोज्याचा फोटो जोडून पाठवलात तर सांगायला सोपं जाईल.